एक नग, हालत बरी

नवऱ्याचं नाव घेऊ न्हाई म्हणतात. मी घेते. बन्सीधर. राग आला की घेते, अन् राग मला रोजच येतो.

तर हे बन्सीधर आमच्या बोरीच्या जिनिंगमधी क्लर्क होते. कापूस यायचा, सरकी निघायची, रुईच्या गाठी बांधून ट्रकनं लांब कोइमतूरकडं जायच्या. तिकडच्या गिरणीवाल्यांना मराठी कळंना की हिंदी, म्हणून सगळा पत्रव्यवहार इंग्रजीत. यांच्या अगोदरच्या क्लर्कानं जाताना यांच्या हातात एक पिवळी फाईल ठेवली. तिच्यात त्रेपन्न पत्रं. माल उशिरा पोचला तर हे पत्र, मालात ओलावा निघाला तर ते, नमुना पसंत पडला तर तिसरंच. यांनी त्रेपन्नच्या त्रेपन्न पाठ केली, लोक हरिपाठ करतात तशी. चोपन्नावं पत्र यांना आजबी येत न्हाई.

बारा वर्षांखाली जिनिंग बंद पडली. यांची न्हाई पडली. फाईल घरी आली, ओसरीवर एक टेबल आलं, त्याच्यावर कार्बन पेपर, टाचण्या, पाणी प्यायचा तांब्या. सकाळी दहाला इस्त्रीची पँट घालून हे चुलीपासून ओसरीपर्यंत कामाला जायचे. मी जेवायला हाक मारली की घड्याळ बघायचे, "सुट्टी एकला हाय."

अन् लोकबी यायचे हो! इंग्रजी पत्राला वजन असतंय म्हणतात ना. राणीसावरगावचा दत्ता आला. पोरगा पुण्याला कंपनीत, तापानं फणफणला होता, सुट्टी पाहिजे होती. यांनी फाईल चाळली, पत्र काढलं, लिहून दिलं. मी म्हणलं, काय लिव्हलं? तर म्हणे, "सदर माल वाटेत भिजल्यामुळं पोचायला आठ दिवस उशीर होईल, तसदीबद्दल क्षमस्व." आगं बया! पण सुट्टी मिळाली बगा. कंपनीला काय उमजलं देव जाणे.

सप्त्याच्या कीर्तनकार महाराजांना गावानं इंग्रजीतून बोलावणं धाडलं, तेबी यांनीच लिव्हलं. "मागल्या वर्षी आपला नमुना तपासला, प्रत उत्तम, यंदा सात दिवसांचा माल पाठवावा." महाराजांनी ते फ्रेम करून भिंतीला लावलंय.

हसा तुमी. मीबी हसायचे. माझ्या अंगाशी आलं तवा हसू बंद झालं.

माझं माहेर पेडगाव. भाऊ दोन. राधाकिशनदादा थोरला, गोपीचंद धाकटा, मी कडुबाई मधली; दादा मला कडे म्हणतो, गोप्या आक्का. मायबाप गेले अन् दोघांनी वाटणी केली. रान वाटलं, बैल वाटले, भांडी वाटली, शेवटाला राहिली कडबा तोडायची मशीन. पंचांनी निवाडा काय केला? मशीन थोरल्याला, तिची मोटार धाकट्याला. दोघंबी खूश, कारण दुसऱ्याला अख्खी न्हाई मिळाली. तवापासून अकरा वर्षं दादाच्या अंगणात मशीन उभी हाय, गोप्याच्या अंगणात मोटार पोत्याखाली हाय, अन् दोघंबी कोयत्यानं कडबा तोडायलेत. आपलेच दात अन् आपलेच ओठ, कोणाला सांगावं?

फोनवर बोलले की शिव्याच. म्हणून दादाच्या डोक्यात आलं, इंग्रजीत नोटीस धाडू. आला आमच्याकडं. "दाजी, लिव्हा. म्हणावं मोटार मुकाट्यानं आणून दे, न्हाईतर टांग मोडून हातात देतो." यांनी लिव्हलं, "एक नग मोटार रवाना करण्याकडं आपलं कृपाळू लक्ष वेधतो." पत्र रजिस्टरनं पेडगावला गेलं. गोप्याला इंग्रजी येतंय थोडंच! तो पत्र घेऊन कोणाकडं येणार? दाजीकडंच. यांनी चष्मा लावला, आपणच लिव्हलेलं पत्र जन्मात पयल्यांदा बघितल्यावानी वाचलं अन् मान हलवली. "पत्र कडक हाय. समोरचा माणूस जाणकार दिसतोय." मंग गोप्याकडून उलटं उत्तर. "आपल्या पत्रातला सूर पाहून खेद वाटला."

मी चुलीपाशी कपाळ बडवून घेतलं.

मंग पद्धतच पडली. सोमवारी दादा, गुरुवारी गोप्या. दोघांना पक्कं ठावं होतं की दोन्हीकडून लिहिणारा हात एकच हाय. पण यांचा कायदा, एका पार्टीची गोष्ट दुसऱ्या पार्टीला सांगायची न्हाई. एवढं कशाला, सोमवारचं उत्तर लिहिताना हे गुरुवारच्या पत्रावर खरंच चिडायचे. रात्री जेवताना मला म्हणायचे, "फार उद्धटपणे लिहायलाय तो." कोण? "समोरचा क्लर्क."

एक गंमत सांगते. प्रत्येक पत्राच्या बुडाला 'युवर्स फेथफुली' असायचं. दादानं एकदा विचारलं, हे काय? हे म्हणले, "आपला विश्वासू." दादा उसळला, "गोप्याचा विश्वासू? मी? खोडा ते!" हे म्हणले, "खोडाखोड केली की पत्र बाद होतंय." राहिलं ते तसंच. अकरा वर्षं दोघं सख्खे वैरी हप्त्याला एकमेकांचे विश्वासू म्हणून सही करायले.

आता माझं ऐका. दोघं भाऊ दर हप्त्याला माझ्या दारात. मी चहा करायची. दादा यायचा, खुर्चीवर बसायचा, कामाचं बोलायचा, कप ठेवायचा, जायचा. गोप्याचंबी तेच. ऑफिसात आल्यावानी यायचे दोघं. अकरा वर्षांत एकानंबी म्हणलं न्हाई, चल कडे, पंचमीला घरी चल. बोलायची सोयच न्हवती. दादा पयल्या वर्षी म्हणला होता, "त्याच्याकडं पाय ठेवलास तर माझं दार बंद." गोप्या म्हणला, "आक्का, त्याच्या घरचं पाणी पिलीस तर मी तुझा भाऊ न्हाई." म्हणून मी कोणाकडंच गेले न्हाई. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात ना, ती मी.

पंचमी आली की आमच्या गल्लीतल्या बायका माहेरी निघतात. कोणाचा भाऊ येतो, कोणाचा भाचा. न्यायला येणाऱ्याला आमी मुराळी म्हणतो. दारात मुराळी उभा राहिला की साठीची बाईबी पोरगी होऊन जाती हो. शेजारच्या ज्ञानेश्वरीची आजी, सत्तरीची, तीबी गेली मागल्या साली. मी दार लावून आत बसले. माझ्या मायची जागा, तिचा चुलीपाशी बसायचा पाट, अंगणातलं लिंबाचं झाड, अकरा वर्षांत डोळ्यानं बघितलं न्हाई. रडू येतंय, का न येवो?

यंदा पंचमीला धा दिवस होते. मी पदर खोचला अन् दहाच्या ठोक्याला ओसरीवर टेबलापुढं जाऊन उभी राहिले. "पत्र लिव्हा."

"कोणाचं?"

"माझं. दोन्ही भावांना. इंग्रजीत."

हे गोंधळले. "घरच्या माणसाचं काम ऑफिसात..."

"बन्सीधर!" मी म्हणलं.

यांनी मुकाट्यानं कागद घेतला. "विषय?"

"मी."

यांनी फाईल उघडली. पानं उलटली, पुन्हा उलटली. बहिणीला न्यायला या, असं पत्र कापसाच्या धंद्यात कशाला असंल? घंटाभर गेला. मंग एका पानावर यांचं बोट थांबलं. माझ्याकडं बघंनात. "एक्कावन्नावं हाय. बसतंय. पण तुला राग येईल."

"वाचा."

"सदर माल बऱ्याच वर्षांपासून आमच्याकडं पडून हाय. वेळोवेळी वाट पाहूनबी आपण तो उचलला न्हाई. तरी सात दिवसांच्या आत माल उचलावा. उशीर झाल्यास पुढच्या खराबीला आमी जिम्मेदार राहणार न्हाई."

"माल म्हणजे मी?"

"धंद्याच्या भाषेत."

अन् खरं सांगू, अकरा वर्षांत माझ्या मनातलं इतकं नीट कोणी बोललं न्हवतं.

"लिव्हा," मी म्हणलं.

यांनी लिहायला घेतलं. "नग?" एक. "हालत?" यांनी चष्म्यावरून मला वर-खाली बघितलं. मी म्हणलं, गुडघे लिव्हा. हे म्हणले, गुडघ्याला इंग्रजी न्हाई. मंग 'हालत बरी' लिव्हलं. शेवटाला विचारलं, "ओलावा किती दाखवू?"

मी डोळे पुसले. "लिव्हा जास्त हाय म्हणून."

कार्बन घालून दोन प्रती झाल्या. मंग यांनी खण उघडून लाल पेन काढला. बारा वर्षांत तो खणाबाहेर आला न्हवता. एक्कावन्नावं म्हणजे शेवटची नोटीस, फाईलीत तिला लाल रेघ होती, तशी यांनी दोन्ही प्रतींवर मारली अन् स्वतः पोस्टात टाकून आले.

पेडगावला पोस्टमननं दोघांना एकाच दुपारी पत्रं दिली. मजकूर दोघांनाबी कळला न्हाई, पण लाल रेघ कळली. आजवर तसं कधी आलं न्हवतं. दुसऱ्यानं काय केलंय, कोर्टात गेलाय का, जप्ती आणलीय का, कोणास ठावं. सोमवार-गुरुवारची वाट कोण बघतंय! शनिवारी सकाळी दादा मोटारसायकलवर निघाला अन् गोप्या टेम्पोत. एकामागं एक बोरीपर्यंत आले, रस्ताभर एकमेकांवर डोळा ठेवत, अन् माझ्या अंगणात समोरासमोर उभे राहिले. दोघांच्या हातात तसलाच कागद.

हे ओसरीवरून वरडले, "एका वेळी एकच पार्टी!"

"आता पार्टी गेली खड्ड्यात," मी म्हणलं. "वाचून दाखवा."

यांनी उभं राहून वाचलं. आधी इंग्रजी, मंग मराठी. माल पडून हाय, उचलावा, सात दिवस.

दादा म्हणला, "बगा! तेच म्हणायलो मी. मोटार उचल म्हणून."

गोप्या म्हणला, "मोटार कशाला? मशीन उचलायचं लिव्हलंय."

"नग एक," हे म्हणले. "हालत बरी. ओलावा जास्त." अन् पेनानं माझ्याकडं दाखवलं.

दोघं माझ्याकडं बघायले. मी उंबऱ्यात उभी होते, नवं लुगडं नेसून, हातात पिशवी. पत्र पोस्टात पडलं त्याच दिवशी मी पिशवी भरून ठेवली होती.

मंग दादा खाकरला. "चल कडे. माझ्या गाडीवर बस."

"तुझ्या गाडीवर कामून?" गोप्या पुढं आला. "टेम्पो मी आणलाय. आक्का माझ्याकडं येणार."

"थोरला मी हाय!"

"पत्र मला आधी मिळालं!"

मंग माझं डोकं फिरलं. मी पिशवी अंगणात आपटली. "घ्या! करा वाटणी! धड दादाला, मुंडकं गोप्याला! एकाच्या अंगणात मला उभी करा, एकाकडं पोत्याखाली झाका! मशीनीचं केलं तसं करा माझं, म्हणजे कोणाच्याच कामाची राहणार न्हाई! मायच्या हातचं आपण तिघं एकाच पाटावर बसून जेवलो रे, अन् मी अकरा वर्षं तुमचा चहा करायले, एकानं तरी विचारलं का, कडे, तू कशी हायस?"

दादानं टोपी काढली, तिनंच तोंड पुसलं. गोप्या पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला. मंग मातीकडं बघतच म्हणला, "आक्का, तू पुढं बस टेम्पोत. अन्... दादा, तुझी गाडी मागं टाकू."

अकरा वर्षांत पयल्यांदा त्याच्या तोंडून 'दादा' निघालं. मी ऐकलं, दादानं ऐकलं. दोघांनी मिळून मोटारसायकल टेम्पोत चढवली.

निघणार तेवढ्यात हे कागद घेऊन पळत आले. "थांबा! पोच पायजे. माल मिळाला म्हणून सही." दादानं सही केली, तिच्याखाली गोप्यानं केली. एका कागदावर दोघांच्या सह्या वाटणीनंतर पयल्यांदाच झाल्या. यांनी कागद फुंकून वाळवला अन् फाईलीला लावला. चोपन्नावं पत्र.

पुढच्या सीटवर आमी तिघं दाटीवाटीनं बसलो, मी मधी. वाटेत झरी गावाला गोप्यानं गाडी थांबवून तीन चहा सांगितले. मी म्हणलं, आज मी करणार न्हाई, तुमी पाजा.

लगेच गळ्यात गळे पडले असं समजू नका. सकाळची भाकर दादाकडं, संध्याकाळची गोप्याकडं, असं चाललं. मशीन तिकडं, मोटार इकडं, अजूनबी. पण पंचमीला झोका बांधायचा होता अन् दोर एकाकडं अर्धा, एकाकडं अर्धा निघाला. तेवढी गाठ दोघांनी मारली. बसले मी झोक्यावर, गुडघे दुखत होते तरी बसले.

पाचव्या दिवशी पोस्टमन आला. पत्र माझ्या नावाचं, इंग्रजीत, कडुबाई बन्सीधर. उभ्या जन्मात मला आलेलं पयलं पत्र. दोघं भाऊ लिंबाखाली एका बाजेवर बसले, डोक्याला डोकं लावून. उलटं केलं, सुलटं केलं. पेडगावात वाचणारं कोणी घावंना. दादा म्हणला, "लिहिणाराच बोरीत बसलाय, आता कोणाकडं न्यावं?"

मी कागद हातात घेतला. मला अक्षर कळत न्हाई, पण त्रेपन्न पत्रं तीस वर्षं चुलीपाशी बसून ऐकलीत अन् लिहिताना बघितलीत मी. यांच्या हाताचा कोणचा आकार कुठं येतो ते कळतं. ते नववं होतं. गोदाम रिकामं पडलंय, काम ठप्प हाय, पाठवलेला माल कृपया लवकरात लवकर परत धाडावा. जे तोंडानं आजवर बोलता आलं न्हाई, ते कोइमतूरच्या गिरणीवाल्यांच्या इंग्रजीत लिव्हलं बिचाऱ्यानं.

"काय लिव्हलंय आक्का? अर्जंट हाय का?" गोप्यानं विचारलं.

मी कागद उन्हात धरून वरून खालपर्यंत नीट बघितला. कुठंच लाल रेघ न्हवती.

"न्हाई," मी म्हणलं, अन् घडी घालून कमरेला खोचला. "निळ्या शाईतच हाय. राहते अजून चार दिवस."