नातीचा डावा डोळा

सारा जन्म हैदराबादेत गेला, पण या शहरात मी कुणाला काही विचारलं नाही. शाळा दुसरीपर्यंत, तीही उर्दू. मराठी अक्षरं वडिलांनी दुकानात बसवून गिरवून घेतली, तेवढीच येतात. तेलुगू आणि इंग्रजी पाट्या माझ्यासाठी नुसती रंगरंगोटी. बस नंबरावरून ओळखायची, दुकान दारातल्या मालावरून. दोन चौक जास्त चालेन, पण "भाई, यहाँ क्या लिखा है" असं कुणापुढे म्हणणार नाही. घरचे याला हट्ट म्हणतात. म्हणोत.

जामबागेत आमचं हारांचं दुकान. शाळा सुटली की नात येऊन माझ्याशेजारी पाटावर बसायची. दुसरीत आहे. पावकी, निमकी, पाऊणकी मी तिच्याकडून तोंडपाठ करून घेतली होती, माझ्या वडिलांनी माझ्याकडून घेतली तशीच. कागद नाही, पाटी नाही. ऐकायचं आणि म्हणायचं. पोरगी एकदा ऐकलेलं विसरायची नाही. हार बांधून होईस्तोवर गिऱ्हाईक उभं राहून ऐकायचं आणि म्हणायचं, "वाह चाचा, पोती तो मशीन है!"

सूनबाई पुण्याची, कम्प्युटरच्या ऑफिसात जाणारी. ती म्हणायची, "बाबा, तिला पुस्तकातलं वाचायला लावा ना जरा."

"ज्याला पाठ होत नाही त्याला पुस्तक लागतं," मी म्हणायचो.

हे दिवसच नव्या नवलाईचे. गल्लीगल्लीत फोनचे बूथ, घराघरांवर केबलच्या तारा, आणि ऑफिसवाल्यांना रविवारी रस्त्यावरून चालायची हौस. एका रविवारी सूनबाईच्या ऑफिसातल्या लोकांनी सहकुटुंब चालायचं ठरवलं. कशासाठी, तर मुलांच्या डोळ्यांच्या तपासणीसाठी.

"चालल्यानं कुणाचे डोळे सुधारलेत?"

"बाबा, चालणारा प्रत्येक जण वर्गणी देतो. त्यातून शाळाशाळांत जाऊन मुलांचे डोळे तपासणार आहेत."

"मग वर्गणी द्या आणि घरी झोपा."

"तुम्हाला चालवत नसेल तर राहू द्या," ती म्हणाली.

पुण्याची ती. कुठं बोट ठेवायचं ते तिला बरोबर कळतं. रविवारी शाळेच्या मैदानावर सगळ्यांच्या आधी मी हजर होतो.

परदेशी सरबताच्या कुठल्याशा कंपनीनं कागदी टोप्या वाटल्या. टोपीवर डोळा चिमणीएवढा आणि बाटली हत्तीएवढी. माझ्या डोक्यावर माझी टोपी होती, मी ती काढली नाही. गौलीगुड्यावरून अफझलगंजच्या लायब्ररीपर्यंत जायचं आणि परत मैदानावर यायचं. नात माझ्या उजव्या हाताला. तिची ती नेहमीची जागा. डाव्या हातानं माझं बोट धरायची. दुसऱ्या बाजूला घेतली की फिरून तिथंच यायची. खोड आहे, म्हणायचो आम्ही.

बस स्टँडजवळ फोटोवाला आला. सूनबाईनं तिला ओढून माझ्या डाव्या बाजूला उभी केली, मधोमध दिसावी म्हणून. फोटो झाला, घोळका पुढं सरकला. कडेला मोसंब्यांची बंडी, म्हणजे हातगाडी, उभी होती. हलत नव्हती की काही नाही, सकाळच्या उन्हात नुसती उभी. पोरगी सरळ तिच्या दांड्यावर जाऊन आदळली. डाव्या कपाळावर टेंगूळ आलं.

"आंधळी आहेस का गं?" मी ओरडलो.

बंडीवाला म्हणाला, "चाचा, आँखों का जुलूस निकाले और बच्ची को ठोक दिए?" आसपासचे फिदीफिदी हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पोरगी रडली नाही. माझ्या मागून वळसा घालून पुन्हा उजव्या बाजूला आली आणि बोट धरलं.

परत आलो तर मैदानावर मांडव. चालायला आलेल्यांच्या मुलांचे डोळे फुकट तपासत होते. मुलगा आणि सूनबाई चहाला गेले, मी नातीला घेऊन रांगेत उभा राहिलो. समोर अक्षरांचा तक्ता. पुढची मुलं एकेक करून मोठ्यानं वाचत होती. हिची पाळी आली. डावा डोळा झाकून हिनं सगळं वाचलं. मग उजवा झाकला आणि पुन्हा वाचलं, घडाघडा, शेवटच्या बारीक ओळीपर्यंत. मी मागं वळून रांगेतल्या आयाबापांकडं पाहिलं. ऐकलंत ना?

डॉक्टरीण तरुण, तेलुगू. ती हसली नाही. तिनं तो तक्ता काढला आणि दुसरा लावला. यावर अक्षरं नव्हती, तीन टांगांचं एकच चित्र, कुठं वर, कुठं खाली, कुठं आडवं. "पापा," ती म्हणाली. तेलुगूत लहान मुलीला पापा म्हणतात. "पापा, टाँगें किधर हैं, बोलो."

पोरीच्या उजव्या डोळ्यावर पुठ्ठा, मान थोडी तिरकी. मग हळू आवाजात तिनं सुरू केलं. तीच आधीची अक्षरं, त्याच क्रमानं, पावकी म्हणावी तशा ठेक्यात.

"अभी तो सब बोली थी वो!" मी म्हणालो.

"हौ चाचा, बोली. देखी नहीं."

नातीनं माझ्याकडं पाहिलं. "पुढच्यांचं ऐकून पाठ केलं, आबा. नको होतं का?"

मी तिच्या हातातला पुठ्ठा काढून घेतला.

नंतर मोठ्या दवाखान्यात नेलं. जन्मापासून डाव्या डोळ्याला फार थोडं दिसतं, म्हणाले. उजव्याच्या जोरावर पोरगी चालत होती. आता चष्मा लावायचा, चांगल्या डोळ्यावर पट्टी चिकटवायची आणि आळशी डोळ्याला कामाला लावायचं. "सुधरेल?" मुलानं विचारलं. डॉक्टर म्हणाले, फार लहानपणी दोष सापडला असता तर बरं झालं असतं. अजून वेळ गेलेली नाही, पण शब्द देत नाही. सूनबाई भांडली असती तर मी चार उत्तरं दिली असती.

पट्टी लावल्यावर तिला काहीबाही वाचायला लावा, असं सांगितलं होतं. ते काम मी मागून घेतलं. संध्याकाळी तिला बाहेर नेतो आणि दुकानांच्या पाट्या वाचायला सांगतो. आठवडाभर तिनं जामबागेच्या सगळ्या पाट्या फाडफाड वाचल्या. घरी येऊन मी तसं सांगितलंही. मग एका रात्री मनात आलं, ही बघते आहे की म्हणते आहे?

तेव्हापासून रोज नवी गल्ली धरतो.

काल एका बंद शटरपुढं उभे राहिलो. वर नवी कोरी इंग्रजी पाटी. तिनं पट्टी लावलेलं तोंड वर केलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "ट्रेडर्स."

मी पाटीकडं पाहिलं. लाल रंग, पिवळी किनार. शेजारी पानवाला चुना लावत बसला होता, माझा नातू शोभेल अशा वयाचा. मी दोनदा त्याच्यापाशी गेलो आणि दोनदा परत फिरलो. मग म्हणालो, "भाई, यहाँ क्या लिखा है?"

"टेलर्स, चाचा." आणि हसून, "चश्मा घर पे भूल गए क्या?"

"नहीं," मी म्हणालो. "पढ़ना नहीं आता."

नात ऐकत होती. तिनं माझं बोट सोडलं, शटरच्या पायरीवर चढली, मान मागं टाकली आणि एकेक अक्षर पुन्हा लावायला लागली. मी खाली उभा राहिलो, तिच्या डाव्या बाजूला.