चाकावरची पांढरी अक्षरं

फेब्रुवारीत एका सकाळी सुधावहिनींचा फोन आला, तेव्हा मी दारातला बर्फ फावड्याने बाजूला करत होतो. "भाऊजी, हे गेले," एवढंच म्हणाल्या. शरद झोपेतच गेला होता. मी फावडं भिंतीला टेकवलं आणि तसाच पायरीवर बसलो. मनात पहिल्यांदा आलं ते असं, की आता तो फोटो राहिलाच... पन्नास वर्षांच्या मित्राबद्दल सुचायला दुसरं काही हवं होतं खरं, पण सुचलं ते हे.

शरद आणि मी शिकागोत एकाच वर्षी आलो. डेव्हन ॲव्हेन्यूवर तेव्हा आजच्यासारखी साड्यांची आणि मिठाईची दुकानं लागलेली नव्हती. तिथल्याच एका गल्लीत दोन खोल्यांत आम्ही चौघं राहत होतो. पुढे तो पाणी शुद्ध करण्याच्या खात्यात इंजिनिअर झाला आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच चिकटून राहिला. मी टायरच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत रबर ताणून फाडत आयुष्य काढलं. शरद हट्टी होता, चिक्कू होता आणि वादात हरला की विषय बदलायचा. घरातलं हीटिंग वाढवायला सुधावहिनींनाही परवानगी लागायची. गाडी म्हणाल तर एकच करड्या रंगाची, तळ गंजून रस्ता दिसायला लागेपर्यंत वापरलेली. अशा माणसाने सत्तरी उलटल्यावर एक जुनी मसल कार विकत घेतली. दोन दारांची, लांब नाकाची, सिग्नलला उभी असली तरी गुरगुरणारी, हिरवीगार. इथल्या मराठी मंडळात सगळे हसले. साठी बुद्धी नाठी म्हणतात, ह्याची जरा उशिरा नाठली, असं मीही म्हणालो.

कारण मात्र मला एकट्याला ठाऊक होतं, कारण तो पहिला फोटो मीच काढला होता. इथल्या पहिल्या उन्हाळ्यात, किराणा दुकानाच्या पार्किंग लॉटमध्ये, उसन्या कॅमेऱ्याने. कुणाची तरी हिरवी गाडी उभी होती. शरद तिच्या पुढच्या चाकाजवळ, कमरेवर हात ठेवून, बेलबॉटम घालून उभा राहिला. "विन्या, मालक यायच्या आत उरक," म्हणाला. त्या काळी आमच्यापैकी बहुतेकांनी परक्या गाडीला टेकून असा एक फोटो घरी पाठवला असेल. बाकीचे ते विसरून गेले. शरदने फोटोमागे 'माझी गाडी' असं लिहून तो कराडला आईला पाठवला आणि ते त्याला आयुष्यभर टोचत राहिलं. आईचं उत्तर आलं, "फोटो पोचला. तू वाळलास." गाडीबद्दल अक्षर नाही. तिचा विश्वास बसला, असा त्याने अर्थ काढला. आई गेली तेव्हा खरं सांगायचं राहिलं ते राहिलंच. आता कराडच्या घरात त्याची थोरली बहीण, आक्का, होती आणि तो फोटो अजून तिच्या देवांशेजारी भिंतीवर होता.

"तसाच दुसरा फोटो काढायचा, खऱ्या माझ्या गाडीचा," तो म्हणाला. "तो आक्काला पाठवायचा आणि मग सांगायचं, की पहिला खोटा होता."

"अरे, फोन उचल आणि सांगून टाक."

"आधी फोटो."

आता त्या जुन्या फोटोत गाडी अशी फारशी दिसतच नाही. दिसतं ते एक चाक, आणि त्याच्या काळ्या टायरवरची उठावाची पांढरी अक्षरं. तीही अर्धीच, बाकीची बेलबॉटमच्या आड. म्हणजे सगळी मदार टायरवर. विकत घेतलेल्या गाडीला होते ते टायर दिसायला झकास होते, पण मी अंगठ्याने दाबून पाहिलं तर कडेला बारीक भेगा. रबर नुसतं उभं राहूनही म्हातारं होतं, हे मी त्याला सांगितलं. हे घालून वहिनींना हायवेवर नेलंस तर माझ्याशी गाठ आहे, असंही सांगितलं. मग सुरू झाली निवड. जुन्या पद्धतीच्या बांधणीचे टायर अजून मिळतात, हुबेहूब दिसतात, पण रस्त्यात चर आला की गाडी चराच्या मर्जीने चालते. आजचे रेडियल सुरक्षित, पण बहुतेकांची कड इतकी बुटकी, की जुन्या गाडीखाली ते उसने आणल्यासारखे दिसतात. मधला मार्ग म्हणजे आतून रेडियल आणि बाहेरून जुना चेहरा. तेही बनतात. त्यात पुन्हा अक्षरं भरीव पांढरी की नुसती पांढऱ्या रेघेची, जाड की बारीक? शरद भिंग घेऊन स्वतःजवळ ठेवलेल्या फोटोच्या प्रतीवर वाकायचा आणि मी समोर बसून त्याने डेव्हनवरून आणलेली मिठाई संपवायचो. महिनेच्या महिने गेले.

"बाहेरून जुना, आतून नवा," शेवटी तो समाधानाने म्हणाला. "आपलं नेमकं उलटं झालंय यार."

टायर आले ते दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात. नव्या टायरच्या पांढऱ्या अक्षरांवर, ती मळू नयेत म्हणून, निळा लेप असतो. तो पाहून वहिनी म्हणाल्या, "पांढरे म्हणून पैसे दिलेत ना?" लेप धुतल्यावर अक्षरं दुधासारखी निघाली. चाकं माझ्या व्हॅनमधून नेऊन त्यांवर टायर चढवून आणले आणि ती गाडीला बसवली. पण वहिनींनी बजावलं, की पूजेशिवाय गाडी गॅरेजबाहेर काढायची नाही. दसऱ्याला शरद आत सोवळं नेसत होता, तेवढ्यात त्यांनी चाकाखाली लिंबू ठेवलं आणि पुढच्या चाकाला हळदीकुंकवाची बोटं ओढली, ती थेट अक्षरांवरून.

"अगं, अक्षरांवर नको!" तो ओरडत आला. उशीर झाला होता.

कुंकू पुसलं गेलं, हळद बसली. नेमकं तेच चाक, फोटोतलं. टूथब्रश, साबण, लिंबू, सगळं झालं. शेवटी मला बोलावणं आलं. मी म्हटलं, "घासू नकोस, पांढरं रबर मळकट होईल. हळद उन्हाने उडते. बाहेर ठेव, बास."

"इथं ऊन कुठंय?"

खरंच नव्हतं. आठवडाभर पाऊस, मग ढग, मग बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ पडलं आणि गाडीवर आच्छादन. दुसऱ्या बाजूने फोटो काढू म्हटलं तर ऐकेना. जानेवारीत भेटलो तेव्हाही म्हणाला, "एप्रिलात ऊन पडलं की काढू." आक्का शहाऐंशीची, त्यामुळे घाई कर, असं मी म्हणालो होतो. तिच्याआधी हा जाईल, हे आमच्या कुणाच्याच हिशेबात नव्हतं.

एप्रिलमध्ये वहिनी म्हणाल्या, फोटो काढू या. मी गाडी दारात उभी केली. शरद जिथे उभा राहिला असता, तिथे त्या उभ्या राहिल्या. फोटो आक्काच्या नातीच्या फोनवर पाठवला आणि व्हिडिओ कॉल लावून मी शरदच्या वतीने सगळं सांगितलं. पार्किंग लॉट, मालक, बेलबॉटम. आक्कांनी फोन डोळ्यांजवळ धरून फोटो निरखला.

"ह्या चाकाला हळद आहे," त्या म्हणाल्या. "म्हणजे ही त्याचीच."

मला कळेना.

"अहो, आईला तेव्हाच कळलं होतं. फोटो आला त्याच दिवशी म्हणाली, चाकाला हळद नाही, कुंकू नाही, गाडी परक्याची आहे. पण कुणी त्याला बोलू नका, पोर एकटं आहे तिकडं... गल्लीभर दाखवायची तो फोटो. माझा शरद बघा, म्हणायची. गाडीचं नाव तिनं कधी काढलं नाही."

मला हसू आलं आणि शरदचा सपाटून रागही आला. एक फोन केला असता तर... वहिनी उठून बाहेर गाडीजवळ गेल्या.

महिन्याभराने त्यांचा मुलगा निखिल क्युपर्टिनोहून आला. "काका, ते येलो स्टेन्स क्लीन करून घेऊ का? सेल करायला बरं पडेल." मी वहिनींकडे पाहिलं.

"गाडी विकायची नाहीये," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "भाऊजी, उन्हाने हळद उडते म्हणाला होतात ना?"

"उडते."

त्यांनी मला गाडी आत घ्यायला लावली आणि गॅरेजचं दार स्वतः खाली ओढलं. आता आम्ही दोघं कधीमधी तिला फिरवून आणतो, पण ऊन पूर्ण उतरल्याशिवाय त्या किल्ली देत नाहीत.