स्कोररच्या टेबलावरून मराठीत एक शब्द

माझा आवाज मोठा आहे. पुण्यात आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरून भाजीवाल्याला थांबवायला मला कधी खिडकीतून वाकावं लागलं नाही. अशा बाईला एक अख्खा उन्हाळा दर रविवारी तीन-तीन तास तोंड मिटून बसावं लागलं. का बसले आणि त्यातून काय झालं, ते आता सांगते.

नवरा लंडनजवळच्या स्लाऊ गावात, ट्रेडिंग इस्टेटमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होता, आणि मी त्याच्यामागून डिपेंडंट व्हिसावर आलेली. दोन हजार सालानंतरची तीन-चार वर्षं. नवऱ्याला क्रिकेटचं वेड, पण पुण्यातल्या क्लबात तो कायम बारावा. बारावा म्हणजे पाणी नेणारा. लग्नाआधी मला भेटायला यायचा तेव्हाही स्वच्छ, इस्त्री न मोडलेल्या पांढऱ्या कपड्यांत यायचा, आणि मला वाटायचं, काय नीटनेटका खेळतो हा! खेळतच नव्हता, हे नंतर कळलं.

त्याच्या ऑफिसातला एक कॅनेडियन एका हौशी बेसबॉल टीमचा कॅप्टन होता. त्यांना एक माणूस कमी पडत होता. त्यानं ह्याला विचारलं, "थ्रो कसा आहे तुझा?" थ्रो उत्तमच होता. बाटल्या नेऊन दिल्या की उरलेला वेळ हा बाउंड्रीवरून थ्रो करण्याचाच सराव करायचा.

मैदान म्हणजे काउन्सिलचं, तिथल्या नगरपालिकेचं, पार्क. एका कोपऱ्यात चुन्याच्या रेघा, दोन बाकं, तारेची एक जाळी, आणि डोक्यावरून हीथ्रोला उतरणारी विमानं. पहिल्याच मॅचला ह्यानं चेंडू मारला आणि बॅट हातात घेऊन पळत सुटला! बेसबॉलमध्ये मारलं की बॅट तिथंच टाकायची असते. हा पहिल्या बेसपर्यंत ती घेऊन गेला आणि तिथं वाकून बॅट जमिनीला टेकवली, क्रीझ असल्यासारखी. मैदान हसलं. सगळ्यात जास्त मी हसले. तेव्हापासून हा बॅटिंगला आला की माझी आरोळी ठरलेली, "बॅट टाक रे!"

पण त्याच दिवशी त्याच्या डोक्यावरून जाणारा एक चेंडू त्यानं उडी मारून धरला. हातमोजा डाव्या हातात, चेंडू उजव्या. उघड्या हातानं! कॅनेडियननं डोक्यावरची टोपी काढली. शेजारून एक आजोबा कुत्रा फिरवत चालले होते, ओळख ना पाळख, मी त्यांना ओरडून सांगितलं, "दॅट्स माय हजबंड!" आजोबा दचकले. कुत्रा भुंकला. मला काय त्याचं? सात वर्षांत पहिल्यांदा नवऱ्याच्या पँटला गुडघ्यावर चिखल लागला होता.

मग मी पुरती वेडी झाले. एकदा थालीपीठ खाऊन गेलो आणि जिंकलो, तर त्यानंतर मॅचच्या दिवशी थालीपीठच. ते लावताना बोटानं चार भोकं पाडायची, पाच नाहीत. लीगचा गुणतक्ता फ्रिजवर. सोमवारी सकाळी बाकीचे निकाल विचारायला त्या कॅनेडियनला फोन. तो बिचारा मीटिंगमध्ये असला तरी उचलायचा. अमुक हरले आणि तमुक जिंकले तर आपण कितवे, हे गणित मी सुपरमार्केटच्या पावतीमागे मांडायची.

आणि ओरडणं! समोरचा बॅटर डावीकडे मारतो हे मला लवकर कळायचं. मी बाजूनं मराठीत हाक द्यायची, "अरे, लाइनीकडे सरक, हा तिकडेच मारणार!" नवरा सरकायचा, चेंडू बरोबर हातात. मैदानावर आम्हा दोघांखेरीज मराठी कुणाला येत नव्हतं. समोरच्या टीमला वाटायचं, ही बाई देवाचं काहीतरी म्हणते.

तिसऱ्या उन्हाळ्यात आमच्या टीमचा स्कोरर गाव सोडून गेला. कॅप्टननं माझा चिवडा खाता खाता विचारलं, तू लिहिशील का? मी लगेच हो म्हणाले. माझे बाबा बँकेच्या क्रिकेट टीमची स्कोअरबुक लिहायचे, आणि माझं अर्धं बालपण त्यांच्या शेजारी पेन्सिलींना टोक काढण्यात गेलं होतं. चौकार बसला तरी बाबांची मान वर व्हायची नाही. मला वाटायचं, किती रुक्ष माणूस आहे.

कॅप्टननं दोन अटी सांगितल्या. एक, स्कोररनं ओरडायचं नाही, कुठल्याही भाषेत. हे म्हणताना तो हसला नाही, म्हणजे त्याला कळत होतं की काय! दुसरी अट नियमाची होती. बेसबॉलमध्ये नऊ जणांचा बॅटिंगचा क्रम आधी लिहून द्यावा लागतो. चुकून भलताच माणूस खेळून गेला, तर समोरच्या टीमनं ते स्वतः ओळखून, पुढचा चेंडू पडायच्या आत अंपायरला सांगायचं. सांगितलं, तर ज्याची पाळी होती तो आऊट, आणि झालेल्या रन रद्द. पुढचा चेंडू पडला की मात्र झालं ते पक्कं. सगळ्यात आधी हे कळतं स्कोररला, कारण क्रम त्याच्यासमोर लिहिलेला असतो. आणि स्कोररनं ते कुणालाही सांगायचं नसतं. ना अंपायरला, ना खेळाडूंना.

मी मान डोलावली. त्यात काय अवघड आहे, असं वाटलं.

त्या उन्हाळ्यात आम्ही कधी नव्हे ते वर चढलो. पहिल्या चार टीम प्लेऑफ खेळणार होत्या. शेवटच्या रविवारी आम्ही चौथे, आणि समुद्राकडच्या एका गावाची टीम पाचवी, जय सारखेच. मॅच त्यांच्याशीच, आमच्या मैदानावर. जो जिंकेल तो प्लेऑफला. त्याच आठवड्यात नवऱ्याचं प्रोजेक्ट संपल्याचं पत्र आलं होतं. पुढच्या महिन्यात पुणे. म्हणजे पुढचा उन्हाळा नाही, पुढची टीम नाही. पुण्यात बेसबॉल कुठे खेळणार, आणि छत्तिशी गाठलेल्या माणसाला क्लबात बारावा तरी कोण घेणार?  शनिवारी त्यानं बुटांना दोनदा पॉलिश केलं. 

समोरच्या टीमची स्कोरर साठीच्या पुढची एक इंग्लिश बाई होती, निवृत्त शाळामास्तरीण. आम्ही एकाच टेबलाशी बसायचो, तिचा थर्मास, माझा चिवडा, आणि डाव संपला की दोघींनी वह्या जुळवायच्या. आमचं टेबल जाळीच्या मागे, तिसऱ्या बेसच्या बाजूला. नवरा खेळायचा तिसऱ्या बेसवरच, माझ्यापासून हाकेच्या अंतरावर. माझ्या काय, कुणाच्याही हाकेच्या.

शेवटची इनिंग. आम्ही एका रननं पुढे होतो, त्यांचे दोघे आऊट, आणि दोघे बेसवर उभे. एक आऊट मिळाला की प्लेऑफ. त्यांच्या क्रमात आता सातव्याची पाळी होती. मधेच बदली आलेला एक किडकिडीत खेळाडू तो. पण बदलीच्या गोंधळात उठून आला तो आठवा, ताडमाड, सुतारासारखे हात असलेला. मी वही पाहिली. शर्टाचा नंबर पाहिला. परत वही पाहिली. शेजारी मास्तरीणबाईंची पेन्सिल थांबली होती. त्यांनाही कळलं होतं.

आठव्यानं दुसराच चेंडू असा हाणला की थेट कडेच्या झाडांपर्यंत. तो स्वतः दुसऱ्या बेसवर थांबला, पण बेसवरचे दोघे धावत घरी, म्हणजे बॅटर उभा राहतो त्या बेसवर, आले: दोन रन. ते एका रननं पुढे.

आता हिशेब सरळ होता. पुढचा चेंडू पडायच्या आत आमच्यातल्या कुणी अंपायरला सांगितलं, तर सातवा आऊट, दोन्ही रन रद्द, मॅच आमची. आमचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, चेंडू हातात घेऊन घुटमळत होता. त्यानं बुटाची लेस सोडून परत बांधली. बांध ना लवकर, मेल्या! टाक एकदाचा चेंडू! नाही, नको टाकू, थांब! मला स्वतःलाच कळेना मला काय हवंय.

एक शब्द पुरे होता. "सातवा." मराठीत. टेबलावरून, मान वर न करता, खोकल्यासारखा. त्या अख्ख्या पार्कात तो एकाच माणसाला समजला असता, आणि त्याच माणसाला तो हवा होता. बारा वर्षं पाणी नेलेला माणूस! कुणाला पत्ता लागला असता? देवाची शपथ, जिभेच्या टोकावर आला होता.

नवऱ्यानं मागे वळून माझ्याकडे पाहिलं. सरळ माझ्या डोळ्यांत.

मी मान खाली घातली आणि वहीत लिहिलं. दोन रन. आकडा रेघेबाहेर गेला. चेंडू पडल्याचा आवाज आला आणि मी श्वास सोडला. नववा आऊट झाला.

आमच्या शेवटच्या डावात नवऱ्यानं चेंडू मारला, बॅट टाकली, आणि जीव खाऊन पळाला. पुढच्याच्या फटक्यावर तिसऱ्या बेसपर्यंत पोचला. घरचा बेस तीस-पस्तीस पावलांवर. तिथंच उभा राहिला, आणि आमचा शेवटचा गडी आऊट झाला. हरलो एका रननं.

वह्या जुळवताना मास्तरीणबाई हळूच म्हणाल्या, "तू पाहिलं होतंस." मी म्हणाले, "हो." त्या उठल्या आणि दोन्ही टीम हात मिळवत होत्या तिथं जाऊन, वर्गात सांगावं तशा खणखणीत आवाजात, सगळं सांगून मोकळ्या झाल्या. त्यांच्या टीमचा क्रम चुकला होता, दोघींनी पाहिलं होतं, आणि ह्या बाईनं स्वतःची टीम हरत असताना नियम पाळला. त्यांनी कौतुकच केलं. पण आमच्या टीममध्ये कुणी माझ्याकडे बघेना. पिचरनं हातमोजा जमिनीवर आपटला. कॅप्टन जवळ आला, त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि सामान भरायला निघून गेला. नवरा माझी घडीची खुर्ची उचलून गाडीकडे चालला होता.

पार्कमधून बाहेर पडून मोठ्या रस्त्याला लागलो. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मीच म्हणाले, "बोल की रे काहीतरी. शिव्या दे."

"कशाबद्दल?"

"मला माहीत होतं. मराठीत सांगितलं असतं तर जिंकलो असतो."

"मलाही माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"काय ते नाही. पण काहीतरी चुकलंय एवढं कळलं. लग्नाला दहा वर्षं होतील, तू कधी कुणासमोर मान खाली घातली आहेस का?" त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. "तो नवा आलेला पोरगा अजून बाकावरच बसलेला दिसत होता. आणखी पाच सेकंद तुझ्याकडे बघितलं असतं, तर सगळं समजलं असतं मला."

"मग बघितलं का नाहीस, गाढवा?"

"तुझ्या चेहऱ्यावरून वाचलं असतं तर ते तूच सांगितल्यासारखं झालं असतं ना गं. तू एवढी गप्प बसली होतीस. म्हणून मग मी तोंड फिरवलं."

मला हुंदका आला. हरल्याचा नव्हता तो. ज्या पाच सेकंदांत त्याला हवं ते सगळं मिळालं असतं, ती त्यानं माझ्यासाठी सोडून दिली होती, आणि वर घरी नेताना खुर्चीही उचलली होती. अभिमानानं माझा ऊर इतका भरून आला की गाडीत मावेना.

सिग्नल हिरवा झाला. बसस्टॉपवर एक म्हातारे गृहस्थ एकटेच बसची वाट बघत उभे होते. मी खिडकीची काच खाली केली, अर्धं अंग बाहेर काढलं, आणि सगळा उन्हाळा दाबून ठेवलेल्या आवाजात त्यांना सांगितलं, "दॅट्स माय हजबंड!"