शिकागोत हॉटेल तलावासमोर, आत्या पन्नास किलोमीटरवर

बाबांचा अमेरिकेचा व्हिसा आला त्याच संध्याकाळी आम्ही आखातातल्या आमच्या सिलिकॉन ओएसिसच्या घरात लॅपटॉप उघडून शिकागोचं हॉटेल शोधायला बसलो. बाबांना तिथे एकच गोष्ट बघायची होती, त्यांची अक्का, म्हणजे माझी शालूआत्या. अकरा वर्षांत भेट नव्हती. आत्या आता शहराबाहेरच्या एका वृद्धाश्रमात असते. सकाळी छान बोलते, दुपारनंतर माणसं ओळखत नाही. कॅलिफोर्नियातल्या आतेभावाने फोनवर बजावलं होतं, "हॉटेल तिच्याजवळचंच घे."

तिच्याजवळ एकच हॉटेल होतं. दुमजली, हायवेला लागून, फोटोत तपकिरी गालिचा. दुसरं भर शहरात, बत्तिसावा मजला, समोर समुद्राएवढा तलाव.

"आजोबा, धिस वन हॅज अ पूल!" आमचा तनिष ओरडला.

नवरा, समीर, रोज इथून शारजाच्या हमरिया फ्री झोनमध्ये कामाला गाडी हाकत जातो. तो म्हणाला, "पन्नास किलोमीटर तर आहे. मी रोज तेवढंच करतो ना? अर्धा-पाऊण तास. यल्ला, बुक कर."

आम्हा आखातातल्या लोकांची ही खोडच आहे. हॉटेल म्हणजे व्ह्यू, पूल आणि ब्रेकफास्ट, बाकी सगळीकडे गाडीने जाता येतं. मी बाबांकडे पाहिलं. "तुम्हाला बरं वाटेल ते घ्या," ते म्हणाले. त्याला मी होकार समजले.

पहिल्या दिवशी सगळ्यांनाच उशिरा जाग आली. ब्रेकफास्ट खरंच झकास होता, तनिषने तीनदा वॅफल घेतलं. बाबा स्वेटर घालून, आत्यासाठी आणलेला लाडवांचा डबा मांडीवर धरून लॉबीत बसले होते. पार्किंगमधून गाडी यायला वीस मिनिटं लागली. (पार्किंगचे रोजचे साठ डॉलर, म्हणजे दोनशेवीस दिरहॅम, म्हणजे पाच हजार रुपये. जाणार असाल तर आधी विचारा.) मग रस्ता तुंबलेला. पोहोचायला दीड वाजला. आत्याने बाबांना डॉक्टर समजून हात पुढे केला.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना दामटून लवकर काढलं, तरी अकरा वाजलेच. पण आत्या जागी होती, खरी जागी. "वसू! किती वाळलास रे!" म्हणाली. लाडू खाल्ला, बेदाणे कमी पडलेत म्हणून मला बोलली. मग विचारलं, "उतरलायस कुठे?"

"इथेच, जवळ," बाबा म्हणाले.

"मग संध्याकाळी जेवायलाच ये."

"येतो, अक्का."

मी खिडकीबाहेर बघत राहिले. रस्त्यापलीकडे ते दुमजली हॉटेल दिसत होतं. मला स्वतःचा इतका राग आला होता की बाबांकडे बघवेना. ती वेळ तासाभराचीच होती, मग आत्याचे डोळे मिटायला लागले.

तिसरा दिवस शेवटचा. कसलीतरी धावण्याची शर्यत होती आणि हॉटेलभोवतीचे रस्ते सकाळपासून बंद. "आता काय करणार?" समीर पुटपुटला. नर्सने सांगितलं की आत्या सकाळभर दाराकडे बघत होती. आम्ही पोहोचलो तेव्हा तिने तोंड भिंतीकडे वळवलेलं होतं. बाबांनी तिची शाल नीट केली आणि आम्ही विमानतळावर गेलो.

तुम्हीही कुणासाठी जाणार असाल, तर नकाशावर आधी त्या माणसाचं घर शोधा आणि चालत जाता येईल असं हॉटेल घ्या. गालिचा तपकिरी असला तरी चालतो.

घरी आल्यावर चार दिवसांनी साताऱ्याहून बाबांच्या मित्राचा फोन आला. मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. बाबा उत्साहाने सांगत होते, "अरे, हॉटेल काय होतं! बत्तिसावा मजला. तलाव म्हणजे काय, समुद्रच. ब्रेकफास्टला वीस पदार्थ." मित्राने काहीतरी विचारलं.

"अक्का ना? भेटली. एक तास भेटली."