एमआरआयच्या दारात उतरवलेली शिट्टी

मित्रहो, आज सकाळी लातूरच्या एका रुग्णालयात माझ्या हातून होऊ घातलेली चूक आपणांस सांगणे मला आवश्यक वाटते.

सौभाग्यवतींच्या पाठीचा एमआरआय होता. त्र्याण्णवच्या भूकंपात त्या सहा तास ढिगाऱ्याखाली होत्या. तेव्हापासून बंद जागेत त्यांचा जीव घुसमटतो. मी आत शेजारी उभा राहीन, या अटीवरच त्या आल्या होत्या.

यंत्र चालवणारी तरुणी मूळची भोकरची. शिकवणीसाठी लातूरला आली आणि इथेच राहिली. तिने मला तीनदा विचारले, "आजोबा, अंगावर लोखंडाचं काही हाय का?" तिन्ही वेळा मी "नाही" म्हणालो. तिसऱ्यांदा तर किंचित रागावूनच.

"अन् गळ्यातली शिट्टी?" सौभाग्यवती म्हणाल्या.

पुन्हा भूकंप होऊन मी ढिगाऱ्याखाली सापडलो तर हाक देता यावी, म्हणून ती लोखंडी शिट्टी त्यांनीच भूकंपानंतर माझ्या गळ्यात बांधली होती. ती अंगावर आहे, हेच मी विसरलो होतो.

"चुंबकानं खेचून आजींच्या तोंडावर आदळली असती," मुलगी शांतपणे म्हणाली. मी मान खाली घालून शिट्टी उतरवली.

मग तिने सौभाग्यवतींच्या मुठीत, दाबला की बाहेर घंटी वाजवणारा एक रबरी फुगा दिला. "आजी, ही तुमची शिट्टी. दाबली की मी आलेच."

त्यांनी फुगा एकदा दाबून पाहिला. "मग ह्यांना बाहेरच बसू दे," त्या म्हणाल्या, "लई विसरभोळे हायत."

मी बाहेर बसलो. फुगा एकदाही वाजला नाही.

आपल्या अंगावर असे विसरलेले काय आहे? आत जाण्यापूर्वी घरच्यांना एकदा विचाराल का?