आधी एक रात्र मायाताईची

बातमी आली तेव्हा माझी मशीन चालू होती. फोन एकदा वाजला, दुसऱ्यांदा वाजला, तेव्हा कुठे पायडल सोडून उचलला. पलीकडच्या गल्लीतली मुलगी रडत रडत सांगत होती, "काकू, मायाताई नळावर पाणी भरता भरता खाली बसली… उठलीच नाई." आणि माझ्या तोंडून काय निघावं? "अगं, असं कसं? आमची मुलचेऱ्याची बस ठरवायची राहिली आहे!"  मग ती अर्धी जोडलेली बाही तशीच सुईखाली ठेवून, पायात चपला न घालता पळाले. याला आता काही आठवडे झाले, पण जीव अजून थाऱ्यावर नाही. बसले की उठावंसं वाटतं, उठले की कुठे जायचं ते सुचत नाही. म्हणून म्हटलं, लिहून काढावं. तर लिहितानाही दोनदा उठून झालं आहे.

मायाताई माझ्या नात्याची नव्हे. ती बौद्ध, मी मुसलमान. ती शाळेत पोरांची खिचडी शिजवायची, मी बल्लारपुरात घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये कपडे शिवते. पहिल्यांदा आली ती ब्लाउजचा गळा बिघडवला म्हणून भांडायला. भांडून झालं, चहा प्यायली आणि मग वर्षानुवर्षं येतच राहिली, दुपारी, खिचडीची भांडी घासून झाली की. दाराच्या उंबऱ्यावर बसायची, आत कधी नाही. आमच्याकडचा उन्हाळा काय असतो ते इथल्या माणसाला सांगायला नको. मे महिन्यात त्या शेडमध्ये मशीनच्या लोखंडाला हात लावता येत नाही, कात्रीसुद्धा ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावी लागते. मला मातीची एक खोली हवी होती, थंड. मायाताईला नुसती खोली हवी होती, थंड असो की गरम. नवरा गेल्यावर ती भावाकडे आली ती समोरच्या ओसरीत झोपायची, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायात. भाऊ वाईट नाही. म्हणाला होता, मागची जागा पडून आहे, बांधायचं तर बांध. पण गवंड्याचा आकडा ऐकूनच ती हसत सुटायची.

अशात तिला कुठून तरी कळलं की ब्रह्मपुरीच्या पुढे एका गावात माती-बांबूचं घर बांधायला शिकवतात. महिन्यातून एक शनिवार-रविवार, असं तीनदा. आधी पाया आणि भिंती, मग लिंपण, शेवटी छप्पर. शिकणं जवळपास फुकट. जायचं कसं आणि राहायचं कुठे, हे मात्र ज्याचं त्याने पाहावं. मेख सगळी तिथेच! आम्ही पाच बायका तयार झालो, आणि पाचही घरांत एकच प्रश्न… रात्री कुठे झोपाल? मायाताईने ब्रह्मपुरीच्या एका लॉजवाल्याला फोन लावला. भाडं ऐकूनच तिने कपाळाला हात लावला, आणि वरून तो विचारतो, "संगं जेन्ट्स कोणी नाई का?" ती म्हणाली, "नाई. तुमच्याकडचे एखादे धाडून द्या, आमच्या पिशव्या उचलाले!" आणि फोन ठेवून दिला.

मग तिने तिची पद्धत काढली. आम्हाला न सांगता एका शनिवारी पॅसेंजरने एकटीच गेली, त्या गावातल्या समाजमंदिरात रात्र काढली, रविवारी परत आली आणि सोमवारी दुपारी माझ्या उंबऱ्यावर बसून सगळं सांगितलं. दार कसं आहे, कडी आतून आहे का, संडासला जायच्या वाटेवर दिवा आहे का, बाजूला कोण राहतं. मी म्हटलं, "अगं ताई, फोन करून विचारायचं ना कोणाला." तर म्हणाली, "फोनवर सगळेच सांगतेत सोय हाय म्हणून. दिवसा पायल्यानं बी काई कळत नाई, दिवसा सगळ्याच खोल्या चांगल्या. आधी मी एक रात झोपून पायतो, मंग तुमी चला." आणि आधी का सांगितलं नाहीस, तर "सांगतलं असतं तर तू बी येतो म्हणली असती. तिकिटाचा खर्च काऊन वाढवा?" आमच्या अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, आत भाजी निवडत होत्या. त्यांनी तिथूनच विचारलं, "माया, तू सोके आई ना उधर?" मायाताईने हो म्हटलं. अम्मी म्हणाल्या, "फिर जा." संपलं. बाकीच्या तीन घरांतही तेच झालं. मायाताई झोपून आली आहे म्हटल्यावर कोणाची हरकत उरली नाही.

आता गंमत ऐका. तिने रात्र काढली ती साध्या शनिवारी, आणि आम्ही पोचलो त्या दिवशी त्या गावची मंडई, म्हणजे जत्राच! आमच्या या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, रात्री नाटक असतं, घरोघर पाहुणे येतात, हे काय मायाताईला माहीत नव्हतं? जन्म गेला तिचा इथे. पण डोक्यातून निसटलं. आम्ही काळीपिवळी जीपमधून उतरतो तर समाजमंदिरात नाटकवाल्यांचे पेटारे, आरसे, कपड्यांची गाठोडी, आणि एक मिशीवाला माणूस साडी नेसून चहा पितोय. मायाताई दारात कमरेवर हात ठेवून उभी. "मी आली तवा तर इथी कुत्रं बी भुंकत नव्हतं!" आम्ही सगळ्याजणी तिच्याकडे बघतोय, कोणी हसू दाबतंय, मी तर चिडलेच. म्हटलं, आता काय, परत चला. ती म्हणाली, "काऊन परत? मंडईत कोण कोणाचा पाहुणा हे कोणी इचारत नाई," आणि तरातरा चालायला लागली. पहिल्याच मोठ्या अंगणात शिरली. एक म्हातारी चुलीपुढे होती. "बाई, आमी पाच जणी हावो. झोपाले जागा पायजे." म्हातारीने आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "हात-पाय धुवा. मटन व्हाले येळ हाय," एवढंच म्हणाली. ते मटन हलालचं नसणार हे मायाताईने ओळखलं, म्हातारीजवळ जाऊन हळूच म्हणाली, "हे माही रेहाना. हिले मटन चालत नाई, हिच्यासाठी शेंगाची भाजी करता का?" म्हातारीने वर बघून विचारलं, "कोणाकडची व्हय?" मायाताई म्हणाली, "माह्याकडची." त्या रात्री मी पोपटाच्या, म्हणजे वालाच्या शेंगांची भाजी आणि भात इतका खाल्ला की दुसऱ्या दिवशी माती तुडवताना पोट दुखत होतं. दुसऱ्या वेळी आम्ही समाजमंदिराकडे फिरकलोच नाही, सरळ म्हातारीकडे गेलो.

तिच्या पिशवीत एक पाचर असायची. सागाची, तळहाताएवढी, एका टोकाला चपटी. लाकडाच्या गिरणीत कामाला असलेल्या तिच्या नवऱ्याने तासून दिलेली. दाराखाली सारली की बाहेरून कितीही ढकला, दार हलत नाही. मी एकदा थट्टेत म्हटलं, लोक देवाचा फोटो घेऊन फिरतात, तू लाकूड घेऊन फिरतेस. तेव्हा तिने सांगितलं, एकदाच. लग्नानंतर लवकरच कसल्याशा शिबिराला गेली होती, बायकांना दिलेल्या खोलीला आतून कडीच नव्हती, आणि बाहेर पिऊन आलेले दोघे होते. बाकीच्या झोपल्या. ही रात्रभर दाराला पाठ लावून बसली. "काई झालं नाई," ती म्हणाली. "पन मी झोपली नाई ना." घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी तो गिरणीतून ही पाचर घेऊन आला. एवढं सांगून तिने लगेच विषय बदलला, माझ्या कात्रीला धार नाही म्हणून मलाच बोलत सुटली.

तर भिंती शिकलो, लिंपण शिकलो, छप्पर राहिलं. छपराचं शिकवणं मात्र ब्रह्मपुरीकडे नव्हतं, नदीपलीकडे मुलचेऱ्याकडे होतं, तिथल्या एका गावात बालवाडीच्या भिंती उभ्या होत्या, त्यावरच आम्ही छप्पर चढवायचं होतं. नवी वाट, नवं गाव. बंगाली लोकांची वस्ती, आमच्यापैकी कोणाची ओळख नाही. राहायला कोणा दुकानदाराच्या घरामागची खोली मिळेल, असा निरोप होता. आणि मायाताई नळावर बसली ती बसलीच. आता तुम्हीच सांगा, छप्पर न येणाऱ्या माणसाने भिंतींचं काय करायचं?

तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात एक गृहस्थ बोलायला उठले. चांगलेच बोलले बिचारे. शेवटी म्हणाले, मायाताई पुढे गेल्या आहेत, आपल्या सगळ्यांच्या मुक्कामाची जागा पाहायला. बायका पदर डोळ्यांना लावायला लागल्या आणि माझं डोकं फिरलं. पुढे जाऊन ती राहिली कधी? ती परत यायची! दुसऱ्या दिवशीच्या गाडीने परत यायची, उंबऱ्यावर बसायची आणि सांगायची. तेच तर तिचं काम होतं. जागा पाहून परत न आलेल्या माणसाचा आम्हाला काय उपयोग? मला हे ओरडून सांगायचं होतं. ओरडले नाही, उठून बाहेर जाऊन उभी राहिले.

घरी मी छपराचा विषय काढला. अम्मींनी विचारलं, "कौन सोके आया उधर?" मी म्हटलं, कोणी नाही. "फिर नहीं." मी म्हटलं, आम्ही चौघी आहोत. त्या म्हणाल्या, चार असो की चाळीस, बघितलं कोणी? बाकीच्या घरांतही हीच कथा. एकीचा नवरा तर म्हणाला, मायाताई होती तोवर होतं, आता बास झाली ती बांधकामं. मी चार दिवस सगळ्यांवर भुंकत होते. मशीनचा पट्टा तोडला. शेवटी ठरवलं, मीच जाऊन पाहीन, आणि निदान ती पाचर तरी सोबत असावी म्हणून मायाताईच्या वहिनीकडे गेले. वहिनीने पिशवी आणून दिली. सतरंजी होती, तांब्या होता, वाळत घालायची दोरी होती. पाचर नव्हती. ओसरी झाडून पाहिली, ट्रंक उपसली, चुलीजवळच्या सरपणातही हात घालून पाहिला. वहिनी म्हणाली, "लाकडाचा तुकडाच ना, बाई? दुसरा घेऊन जा." ती ओसरी रिकामी झाली तशी तिथे मायाताईच्या भावाची मोटारसायकल उभी राहायला लागली होती. मी त्या मोटारसायकलला वळसा घालून घरी आले.

आमच्या यांना, म्हणजे नवऱ्याला, खाणीतून सुट्टी होती त्या दिवशी मी गाडीवर मागे बसले. गोंडपिपरी, नदीवरचा पूल, आष्टी, आणि मग जंगलातला तो न संपणारा रस्ता. मनात एकच… दिवसा पाहून काय कळणार आहे? दिवसा सगळ्याच खोल्या चांगल्या. दुकान सापडलं. दुकानदाराची बायको, शंखाच्या बांगड्या घातलेली, काउंटरमागून माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, बल्लारपूरहून आलो, खोली पाहायची आहे, बायकांसाठी. ती वैतागून म्हणाली, "फिर से देखने आया? वो दीदी तो सोकर गया!"

मी विचारलं, कोण दीदी? "अरे वोही, खिचडी बनाता है स्कूल में। शनिवार को आया, इतवार को बस से गया। बहुत बोलता है, बाबा।" सोमवारी सकाळी मायाताई नळावर गेली होती. म्हणजे त्या दुपारी ती माझ्या उंबऱ्यावर येणार होती आणि हे सगळं सांगणार होती. घरीही कुठे जाते ते तिने सांगितलं नसणार. बाई मला मागच्या अंगणात घेऊन गेली, खोली उघडली. दाराला आतून नवी कोरी कडी, खिळ्यांच्या आजूबाजूचं लाकूड अजून पांढरं. "दीदी बोला कड़ी लगाओ, तो लगाया। बाथरूम का बल्ब बोला, वो भी लगाया।" आणि दाराच्या मागे, भिंतीला टेकून, ती पाचर. मी खाली बसून ती हातात घेतली. बाई म्हणाली, "वो छोड़ के गया। बोला, कड़ी नहीं लगा तो मेरी औरतें आएगी, उनको लगेगा।" माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तशी ती घाबरली. "दीदी आएगा ना शनिवार को?" तिला मी काय सांगितलं ते मला आठवत नाही. यांनी सांगितलं असेल. परतताना तिने आम्हाला दोन नारळ दिले आणि पैसे घेतले नाहीत.

पाचर मी आणली नाही. आणायला हात पुढे झाला होता, पण तिने ती तिथे ठेवली होती, तर ती तिथेच राहू दे. दाराखाली सारून पाहिली, दार हललं नाही, मग पुन्हा भिंतीला टेकवली.

घरी पोचलो तेव्हा अम्मी बाजेवर बसल्या होत्या. पाणीही विचारलं नाही, आधी तेच. "देख के आई? देखने से क्या होता है। सोके कौन आया उधर?"

"माया," मी म्हटलं. "माया सोके आई है, अम्मी।"

मी सगळं सांगितलं, कडीचं, बल्बचं, पाचरीचं. त्यांनी ओढणीने तोंड पुसलं, बराच वेळ पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "फिर जा."

बाकीच्या तीन घरीही जाऊन मी हेच सांगितलं. उंबऱ्यावर बसून, फोनवर नाही. या शनिवारी सकाळच्या बसने आम्ही चौघी निघतो आहोत. छप्पर शिकून आलो की आधी मायाताईच्या भावाच्या घरामागची खोली उभी करायची असं ठरलं आहे. भाऊ विचारत होता, आता तिथे कोण राहणार? मी म्हटलं, ते नंतर पाहू. आधी बांधून होऊ दे, मग एक रात्र मीच झोपून येते तिथे.