अंगणातला कॅमेरा

आमच्या शहाद्यात कॅमेरे बसवणारा एक माणूस आहे. तोंडात कायम दोन-तीन स्क्रू धरलेले, म्हणून बोलणं निम्मं ओठातच राहतं. अंगणात वाळत घातलेली मिरची राखायला त्याने माझ्याकडे कॅमेरा लावला, मोबाईलवर चित्र आणलं आणि बजावलं, "दादा, पासवर्ड कोनले देऊ नको. कॅमेरा पन हलावू नको."

मी शाळेत गेलो नाही, पण शहाणपणा दांडगा. कोपऱ्यातली मिरची दिसेना म्हणून बांबूने कॅमेरा ढोसला. वर जो भेटेल त्याला पासवर्ड देऊन म्हटलं, बघा माझी मिरची.

आठ दिवसांनी तो सहज आला. माझा मोबाईल बघितला आणि तोंडातले स्क्रू हातात काढले.

"दादा, अकरा मोबाईलमा तुन्हं अंगन दिसी ऱ्हायनं."

"दिसू दे ना, मिरची चांगली शे," मी म्हटलं.

त्याने चित्रावर बोट ठेवलं. मिरचीच्या पलीकडे आमची न्हाणी, बिनछपराची. घरच्या बाया रोज तिथेच अंघोळ करतात.

त्याने शिडीवर चढून कॅमेरा फाटकाकडे वळवला आणि माझ्या बायकोला बोलावलं. "वैनी, नवा पासवर्ड तुम्हीज टाका." ती टाकेपर्यंत तो पाठ करून उभा राहिला. मग म्हणाला, "दादाना मोबाईल जोडू का?"

"नको," बायको म्हणाली. "त्यासले काठी लिसन बसू द्या."

आता काठी घेऊन मिरचीजवळ मीच बसतो. गल्लीतलं कोणी विचारतं, "कॅमेरा बंद पडना का?" तेव्हा हा त्या अकरातला आहे का, म्हणून मी नुसता त्याच्या तोंडाकडे बघत राहतो.